दुसऱ्याच्या वतीने होकार

घरच्या प्रेशर कुकरवर आय.एस.आय.चा शिक्का आहे की नाही, हे आपण विकत घेताना पाहतो. त्या शिक्क्यामागे आय.एस. २३४७ ह्या क्रमांकाचे एक मानक आहे. कुकर कसा असावा, हे त्यात नेमक्या शब्दांत बांधून दिलेले असते. मानक कोणी एकटा लिहीत नाही. पुष्कळ जण मिळून लिहितात, जुन्या मजकुरातून उतारे घेतात, आणि वर नाव येते ते संस्थेचे. मग ज्याचे शब्द घेतले, त्याला कोणी विचारले काय? हा प्रश्न केवळ वकिलांचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

दुसऱ्याचे न विचारता घेऊ नये, हे शब्बाथ शाळेतले लहान मूलही सांगेल. कठीण प्रसंग तो, जेथे कोणी चोर नाही, सर्वांचा हेतू चांगला आहे, आणि तरीही मिळालेला होकार अपुरा पडतो.

असा एक प्रसंग घडलेला आहे. इंटरनेटवरील यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे, ह्याचे नियम इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स ही संस्था १९८६ पासून ठरवीत आली आहे. तिचे नियम कोणालाही फुकट वाचता येतात. पूर्वी लेखक आपला मजकूर देत, तेव्हा त्यांच्या परवानगीला एक मर्यादा होती : फेरफार करावयाचा तो ह्या संस्थेच्या कामकाजातच. नोव्हेंबर २००८ मध्ये नवा नियम आला. संस्थेबाहेरच्या लोकांनाही फेरफार करू देता यावा, एवढा मोठा अधिकार लेखकांनी संस्थेच्या ट्रस्टला द्यावा, असे ठरले. हेतू उदार होता. परंतु नवा मसुदा आणणाऱ्याला त्यात आलेल्या जुन्या मजकुराचीही हमी द्यावी लागणार होती. वीस वर्षांपूर्वी एक परिच्छेद लिहून गेलेला गृहस्थ आता कोठे शोधावा? मजकुराचा हक्क त्याचा, की तेव्हाच्या त्याच्या मालकाचा? ह्या नियमपत्रांचे कित्येक वर्षे संपादन करणारे जॉन पोस्टेल तर १९९८ सालीच वारले होते.

कोणी म्हणेल, आपल्या शब्दांत पुन्हा लिहावे, म्हणजे झाले. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, शब्दरचनेवर असतो, हे खरेच आहे. उपदेश करताना आपणही तसेच करतो, आणि त्यात काही बिघडत नाही. मानकात मात्र बिघडते. तेथे 'केलेच पाहिजे' आणि 'करणे बरे' ह्यांत यंत्र चालण्या-न चालण्याचा फरक असतो. ह्या दोन प्रकारच्या शब्दांचे अर्थ नेमून देण्यासाठी ह्याच संस्थेने १९९७ मध्ये एक स्वतंत्र पत्रक काढले होते. वर्षानुवर्षे कसाला लागलेले वाक्य केवळ परवानगीची अडचण चुकविण्यासाठी बदलणे म्हणजे धोका विकत घेणे होय.

मग सही करून मोकळे व्हावे काय? ज्याने आपले लिखाण सर्वांना फुकट दिले, तो कशाला नाही म्हणेल? हा युक्तिवाद आम्हांस सर्वांत फसवा वाटतो, कारण तो बहुधा खराच असतो. शेजारणीने लग्नासाठी मोठे पातेले दिले. ते तिसऱ्याच घरी पाठवावयाचे, तर तिला विचारावे लागते. ती हो म्हणेल ह्याची खात्री असली तरीही विचारावे लागते. तिचा चांगुलपणा ही आपली परवानगी नव्हे. उलट, चांगल्या माणसाच्या वतीने परस्पर होकार देऊन टाकला, तर त्याला हो म्हणण्याची संधीही आपण घेतलेली असते. आणि सही म्हणजे तर साक्ष. जे आपणांस ठाऊक नाही, त्याची साक्ष कशी द्यावी?

त्या संस्थेत ह्यावर बरीच खळबळ झाली. अखेर फेब्रुवारी २००९ मध्ये वाट निघाली. ज्याला हमी देता येत नाही, त्याने मसुद्यावर तसे लिहावे : ह्यात १० नोव्हेंबर २००८ पूर्वीचा मजकूर असू शकतो, आणि त्यातील काहींच्या हक्कदारांनी बाहेरच्या फेरफारास परवानगी दिलेली नसेल. टी.सी.पी. हा इंटरनेटचा पायाभूत नियम १९८१ चा. त्याची नवी आवृत्ती ऑगस्ट २०२२ मध्ये निघाली, तीवरही ही सूचना आहे.

हे हात झटकणे आहे, असा आक्षेप येईल. थोडेसे आहेही, कारण पुढे ज्याला तो मजकूर बाहेर वापरावयाचा, त्याच्या डोक्यावर ओझे तसेच राहते. तथापि ओझे आहे हे त्याला आधी कळते. खोट्या सहीने तेच ओझे झाकले गेले असते, आणि काम मात्र अधिक नीटनेटके दिसले असते.

आता त्या संस्थेच्या सभांत चर्चेला आरंभ होण्यापूर्वीच एक सूचना पडद्यावर दाखवितात : येथे तुम्ही जे बोलाल वा लिहून द्याल, ते कोणत्या अटींवर घेतले जाईल. ज्याला त्या मान्य नाहीत, त्याने गप्प बसावे. नवख्याला हे थोडे रुक्ष वाटत असेल. पण तो समोर बसलेला असतानाच त्याला विचारलेले असते.