अंजूरची आजी

भिवंडीजवळच्या अंजूरचं नाव इतिहासात आहे ते गंगाजी नाईकांमुळे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेमागे या अंजूरकरांची खटपट होती. त्यांची बखर आहे. माझ्या आजीची नाही.

आजी अंजूरचीच, भातशेतीत वाढलेली. उन्हाळ्यात राब भाजायचा, आषाढात गुडघाभर चिखलात लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, सगळं हातानं. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली. पण आगरी लग्नांत धवला गाणाऱ्या धवलारीण बायांच्या मागे बसून ती रात्रभर गायची, आणि पुढचं कडवं कुणाला आठवेना झालं की सगळ्या तिच्याकडे बघायच्या. तांदळाची भाकरी थापतानाही ओठ हलत असायचे. आम्हा पोरांना ते पुटपुटणं वाटायचं!

आज त्या पट्ट्यात शेतांवर गोदामं उभी आहेत. त्याबद्दल नुसतं हळहळणं मला पटत नाही. चिखलात वाकून आजीची कंबर कायमची गेली होती, आणि नातवंडांनी तेच करावं असं तिला कधीच वाटलं नाही. गाणी मात्र राहायला हवी होती.

खानदेशात बहिणाबाई चौधरीही निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, कागदावर उतरवून ठेवल्या, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. आमच्या घरात वही होती, पेन होतं. मोबाइलही आला होता. आजीला मात्र आम्ही ‘जेवलीस का’ एवढंच विचारत राहिलो.