‘आहे’ आणि ‘असावे’

घर आणि अग्नी यांचे नाते फार जुने आहे. वैदिक परंपरेने अग्नीला गृहपती म्हटले. लॅटिन भाषेत चुलीला ‘फोकस’ असे नाव होते आणि केंद्रबिंदू हा त्या शब्दाचा अर्थ नंतरचा आहे. चूल, शेगडी किंवा पाणी तापवण्याचा बंब यांच्याशी वागायला माणसाला कोणत्याही भाषेची गरज पडत नसे. जाळ डोळ्यांना दिसे, धूर नाकात जाई, राख रोज काढावी लागे आणि सरपण संपत आले की त्याची चिंता आपोआप सुरू होई. इरावती कर्वे १९२८ साली संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्या काळी तेथील बहुसंख्य भाड्याच्या घरांत चकचकीत फरशा जडवलेल्या, छतापर्यंत पोहोचणाऱ्या कोळशाच्या शेगड्या असत. परमुलखातून आलेल्या माणसाला जर्मन येवो अथवा न येवो, कोळसा घातल्याने ऊब येते आणि तो संपला की थंडी वाजते, एवढे ज्ञान त्याला त्याच्या इंद्रियांकडूनच मिळत असे.

आज त्याच देशात शिकायला किंवा नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला भाड्याच्या घरात विस्तव कोठेच दिसत नाही. विस्तव इमारतीच्या तळघरात असतो, किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या ऊर्जाकेंद्रात. खोलीत दिसतो तो खिडकीखाली बसवलेला एक पांढरा लोखंडी रेडिएटर, त्याच्या कडेला एक फिरती कळ आणि काही घरांत भिंतीवर अक्षरे दाखवणारी एक पेटी. अग्नीच्या जागी आता अग्नीची चिन्हे आली आहेत. चिन्हे वाचावी लागतात आणि वाचनात चूक होऊ शकते. म्हणूनच एका क्षुल्लक वाटणाऱ्या घरगुती अडचणीतून एक जुना नैतिक प्रश्न उभा राहतो: ज्या वस्तूची भाषा माणसाला कळत नाही, तिच्या वापराची जबाबदारी त्याच्यावर किती?

प्रथम ती कळच पाहावी. तिच्यावर एक ते पाच असे आकडे असतात आणि शून्याच्या बाजूला हिमकणाचे चित्र असते. नवागत माणूस तिला पाहून आपल्या अनुभवातील एखादे साम्य शोधतो आणि ते त्याला सहज सापडते. पंख्याच्या रेग्युलेटरवरही एक ते पाच असेच आकडे असतात आणि पाचवर पंखा सर्वांत वेगाने फिरतो. मग थंडीने कुडकुडत घरी आल्यावर कळ पाचवर नेली तर खोली लवकर तापेल, हा तर्क अगदी स्वाभाविक ठरतो. तो तर्क चुकीचा आहे. पंख्याचा आकडा जोर सांगतो, रेडिएटरवरचा आकडा मर्यादा सांगतो. १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये मॅड्स क्लाउसेन यांनी विकसित केलेल्या या स्वयंचलित झडपेच्या डोक्यात उष्णतेने प्रसरण पावणारा पदार्थ असतो. खोली ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापली की तो फुगतो आणि गरम पाण्याची वाट अडवतो. तीनवर ही मर्यादा साधारण २० अंश सेल्सिअस असते आणि प्रत्येक आकड्यागणिक ती सुमारे ४ अंशांनी वाढते. गारठलेली खोली २० अंशांवर यायला तीनवर जेवढा वेळ लागतो जवळजवळ तेवढाच पाचवरही लागतो. फरक एवढाच की पाचवर ती तेथे थांबत नाही.

हिमकणाच्या चित्राची गोष्ट याहून बोधप्रद आहे. अशी चित्रे योजली जातात ती भाषेचा अडसर दूर व्हावा म्हणून. परंतु मुंबईच्या किंवा नागपूरच्या माणसाने हिमकण पाहिलेला असतो तो एअर कंडिशनरच्या रिमोटवर, आणि तेथे त्याचा अर्थ ‘थंड कर’ असा असतो. जर्मनीतल्या रेडिएटरवर तोच हिमकण ‘गोठू देऊ नकोस’ असे सांगतो. ती खूण निवडली की खोली सुमारे ६ अंशांच्या खाली जाऊ लागताच झडप आपोआप उघडते, म्हणजे नळांतले पाणी गोठून ते फुटत नाहीत. एकाच चित्राचे दोन देशांत असे जवळजवळ विरुद्ध अर्थ होतात. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, हा विट्गेनश्टाइनच्या उत्तरकालीन तत्त्वज्ञानाचा गाभा आहे. चित्रेही त्याला अपवाद नाहीत. वापर हा नेहमी कोणत्या तरी लोकांचा असतो, कोणत्या तरी हवामानातला असतो.

साम्यावरून ज्ञान मिळवण्याच्या या पद्धतीला न्यायदर्शनाने उपमान असे नाव दिले आणि तिला स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा दिला. नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण गवयाचे आहे. गवय म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या नागरिकाला अरण्यात राहणारा माणूस सांगतो, की गवय गाईसारखा असतो. पुढे तो नागरिक अरण्यात जातो, गाईसारखा दिसणारा प्राणी पाहतो आणि हाच गवय हे ओळखतो. या उदाहरणातील मर्म पुष्कळदा नजरेआड होते. नागरिकाला केवळ साम्य दिसल्याने ज्ञान झाले नाही. त्याला ते आधी सांगितले गेले होते, आणि सांगणारा अरण्याचा रहिवासी होता. त्या सांगण्याला नैयायिक अतिदेशवाक्य म्हणतात. कळीला रेग्युलेटर समजणाऱ्या माणसाजवळ साम्य आहे, पण अतिदेशवाक्य नाही. अरण्यवासीयाला न विचारता तो अरण्यात शिरला आहे.

मग तो शब्दकोशाकडे वळतो. कोश त्याला शब्दांचे अर्थ देतो, यंत्राचा अर्थ देत नाही. ‘हाइत्सक्यॉर्पर’ या शब्दाची फोड ‘तापवणारा देह’ अशी होते आणि तो रेडिएटर असल्याचे समोरच दिसते. परंतु ‘आबझेंकुंग’ म्हणजे ‘खाली नेणे’ एवढे कळल्याने काय खाली न्यायचे, केव्हा आणि किती, हे कळत नाही. रात्री घर झोपलेले असताना तापमान थोडे उतरवून ठेवण्याची पद्धत त्या शब्दात सामावलेली असते आणि ती पद्धत ठाऊक असणाऱ्यालाच तो शब्द वाचता येतो. साहित्याच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. परक्या भाषेतील कवितेचा प्रत्येक शब्द कोशातून उलगडूनही कविता हाती लागत नाही, ती याच कारणाने.

या शब्दसंग्रहात दोन लहान शब्द मात्र असे आहेत की त्यांच्यापाशी थांबलेच पाहिजे. नियंत्रकाच्या माहितीपुस्तिकेत आणि कधीकधी पेटीच्या काचेवरही दोन तापमाने दिलेली असतात. एकापुढे ‘इस्ट’ असे लिहिलेले असते आणि दुसऱ्यापुढे ‘झॉल’. पहिल्याचा अर्थ ‘आहे’, दुसऱ्याचा ‘असावे’. खोलीत १७ अंश आहेत, २० असावेत. मराठी व्याकरणात ज्याला विध्यर्थ म्हणतात आणि ज्याच्या स्वरूपावर मीमांसकांनी आयुष्ये वेचली, तो विधी येथे एका पेटीच्या काचेवर अवतरला आहे. १७४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ ट्रीटिज ऑफ ह्यूमन नेचर’च्या तिसऱ्या खंडात डेव्हिड ह्यूमने असा आक्षेप घेतला होता, की ग्रंथकार ‘आहे’विषयी बोलता बोलता नकळत ‘असावे’वर येतात, आणि एकातून दुसरे कसे निघाले याचे स्पष्टीकरण देत नाहीत. तापनियंत्रकाला ही अडचण नाही. दोहोंतील अंतर मोजायचे आणि ते मिटेपर्यंत झडप उघडी ठेवायची, एवढेच त्याचे काम. मात्र हे काम तो करू शकतो ते त्याचे ‘असावे’ दुसऱ्या कोणी तरी ठरवून दिलेले असते म्हणून. ते कोणी ठरवायचे, हे यंत्र सांगू शकत नाही.

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. घर ज्याच्या ताब्यात त्याने ठरवावे. परंतु ऊब भिंती मानत नाही. मधल्या मजल्यावरचा भाडेकरू आपली कळ बंद ठेवून वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांतून झिरपणाऱ्या उबेवर हिवाळा काढू शकतो. त्याची काटकसर अंशतः इतरांच्या पैशावर चालते आणि त्याच्या थंड भिंतीमुळे शेजाऱ्याचा खर्च वाढतो. जर्मनीत १९८१ साली आलेल्या उष्णताखर्चाच्या नियमांत या वस्तुस्थितीची दखल घेतलेली दिसते. सामायिक बॉयलर असलेल्या इमारतीत खर्चाचा किमान ५० आणि कमाल ७० टक्के भाग ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणे वाटला जातो आणि उरलेला बहुधा घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे. रेडिएटरवर चिकटवलेले एक लहानसे मोजणीयंत्र वापराची नोंद ठेवते. नवागताला त्याचे प्रयोजन पुष्कळदा वर्षअखेरीचे बिल हातात पडल्यावरच उमगते. या वाटणीत एक नीतिविचार गृहीत आहे: उबेचा काही भाग व्यक्तीच्या इच्छेचा आणि काही भाग सर्वांच्या एकत्र राहण्याचा. २०२३ पासून इंधनावरील कार्बनशुल्काचा काही वाटा घरमालकावरही आला, आणि इमारत जितकी जुनाट व उष्णता वाया घालवणारी, तितका तो अधिक. भाडेकरूच्या हाती कळ असली तरी भिंतींची जाडी त्याच्या हाती नसते, हे येथे मान्य झाले.

याच्या नेमकी उलट व्यवस्थाही त्याच देशाच्या एका भागात होती. पूर्व जर्मनीतील तयार भिंती जोडून उभारलेल्या असंख्य वसाहतींत ऊर्जाकेंद्रातून ऊब येई, पण रहिवाशाच्या हाती बहुधा तिचे नियंत्रण नसे. खोली फार तापली की तो भर हिवाळ्यात खिडकी उघडी. ‘असावे’ दूर कोठे तरी ठरलेले होते आणि उधळपट्टीचा दोष कोणाचाच नव्हता. १९९०च्या एकीकरणानंतर तेथे झडपा आणि मोजणीयंत्रे बसू लागली. स्वातंत्र्य आणि हिशेब एकाच वेळी घरात आले.

खिडकी हा या प्रकरणातील दुसरा मोठा धडा आहे. थंडीपासून बचाव करायचा तर खिडक्या घट्ट मिटाव्यात, ही समजूत कोणत्याही उष्ण देशातील माणसाला रास्त वाटेल. परंतु फोडण्या, भाताची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांची ओल बंद घरात कोंडते, थंड भिंतीवर पाणी धरते आणि कोपऱ्यात काळी बुरशी चढते. त्यावरचा तेथील रिवाज असा, की कळ बंद करून दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडाव्यात आणि पुन्हा लावाव्यात. हवा बदलते, भिंतींतील ऊब टिकते. बुरशी धरली की घरमालक आणि भाडेकरू यांच्यात दोष कोणाचा याचा वाद सुरू होतो, आणि ज्याला भाषा येत नाही त्याची बाजू त्या वादात लंगडी पडते.

मूळ प्रश्नाचे उत्तर येथे शोधता येते. जे कोणी सांगितलेच नाही ते ठाऊक नसणे हा अपराध म्हणता येत नाही. पण विचारण्याची संधी असूनही न विचारणे वेगळे. शिकलेल्या माणसाला हे विशेष अवघड जाते. आपल्या विषयात ज्याचा शब्द प्रमाण मानला जातो, त्याला रेडिएटर कसा चालवायचा हे शेजारच्या वृद्धेला विचारताना संकोच वाटतो आणि त्या संकोचाची किंमत सबंध इमारत मोजते. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगताना एक उदार गोष्ट नोंदवली आहे. ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. परक्या शहरातील शेजारीण या व्याख्येने आप्त ठरते. विचारणाऱ्याने तिच्याकडे जाणे हे त्याचे कर्तव्य आहे. सांगण्याची इच्छा हेही आप्ताचे लक्षण असल्याने, दुर्बोध पुस्तिका हाती ठेवून निघून जाणाऱ्या घरमालकाकडे ज्ञान असले तरी आप्तत्व नाही. अज्ञानाचे उत्तरदायित्व असे दोन्हीकडे विभागले जाते.

२०२२च्या हिवाळ्याने या घरगुती धड्याला अनपेक्षित व्याप्ती दिली. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाकडून येणारा वायू आटला आणि जर्मनीने त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून सार्वजनिक कार्यालयांतील तापमानाला साधारण १९ अंशांची मर्यादा घातली. तीन आणि चार यांच्यात कळ कोठे ठेवायची, हा प्रश्न एकाएकी राष्ट्राचा झाला. जन्माने त्या भाषेचे असणारेही तेव्हा आपल्या कळीवरच्या आकड्यांचा नेमका अर्थ एकमेकांना विचारू लागले. वर्षानुवर्षे ती कळ फिरवणाऱ्या कित्येकांना ती जोराची आहे असेच वाटत होते. भाषा येणे आणि अर्थ कळणे यांतील अंतर परक्यांपुरते नाही, एवढे त्यातून दिसून आले.

पहिला हिवाळा सरेपर्यंत नवागताला बहुधा सारे उमगलेले असते. कळ तीनवर ठेवावी, तिच्यावर पडदा येऊ देऊ नये, कारण पडद्याआड साठलेल्या उबेने झडपेची फसगत होते आणि खोली गारच राहते, खिडकी केव्हा उघडावी, बिल कसे वाचावे. पुढच्या ऑक्टोबरात त्याच्याच गावाकडचा कोणी विद्यार्थी त्याच इमारतीत राहायला येतो आणि कळ पाचवर नेऊन ठेवतो. तेव्हा अरण्यवासीयाची जागा रिकामी नसते.