दचकायचं विसरलेला माणूस

‘मॅकबेथ’ म्हटलं की सगळ्यांना आधी आठवतं ते रक्त. १६०६च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकात ते वाहतंही भरपूर, आणि अपराधाची खूण म्हणून वर्गात शिकवतात तेही तेच. मी मात्र दर वाचनात अडखळतो तो झोपेपाशी.

डंकन राजा पाहुणा म्हणून मॅकबेथच्या वाड्यात उतरतो आणि निर्धास्त झोपतो. यजमानच त्याला सुऱ्याने संपवतो. बाहेर आलेल्या मॅकबेथला आपण झोपेचाच जीव घेतल्यासारखं वाटतं. मारलं ते एका माणसाला; पण त्या माणसाने या घरात विश्वासाने डोळे मिटले होते. आता तसे डोळे मिटणं मॅकबेथच्या नशिबी नाही. पलीकडे कुणी झोपेतून जागं होऊन प्रार्थना पुटपुटतं, तर ‘आमेन’ हा शब्द त्याच्या घशात अडकतो. दारावरच्या थापेने तो दचकतो. हे दचकणं मला महत्त्वाचं वाटतं. त्याच्यात शिल्लक असलेला चांगुलपणा तेवढाच आहे.

लेडी मॅकबेथ त्याची समजूत काढते. थोडं पाणी घेतलं की झालं, हात स्वच्छ. पण त्याच रात्री ती आणखी एक वाक्य बोलून जाते: झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता, तर मीच हे काम उरकलं असतं. वाचणारे या वाक्यावरून पुढे निघून जातात. मला तिची सगळी कथा या वाक्यात दिसते. अंगी क्रूरपणा यावा म्हणून तिने आधी दुष्ट शक्तींची आळवणी केलेली असते. जी मुळातच निर्दय असते, तिला ते मागून घ्यावं लागत नाही.

पाचव्या अंकात ती झोपेत चालत येते. डोळे उघडे, पण दिसत काही नाही. एके काळी जिने काळोख्या रात्रीला हाक मारली, तिला आता उशाशी सतत दिवा लागतो. तशी तिचीच आज्ञा आहे. ती हात चोळत राहते, कधीकधी पाव तास. डाग जात नाही, वास जात नाही. राणीच्या तोंडची कविताही गेली आहे; ती तुटक गद्यात बोलते. त्या म्हाताऱ्याच्या अंगात इतकं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं, असं ती विचारते, आणि वडिलांचा तो चेहरा पुन्हा वर येतो. मग ती सरदार मॅकडफच्या बायकोची चौकशी करते. ती बाई आणि तिची मुलं मॅकबेथने परस्पर मारवली आहेत. त्यात हिचा हात असल्याचं नाटकात कुठेच दिसत नाही. तरी ते रक्त ती स्वतःच्या हातांवर शोधते. नवऱ्याने झटकून टाकलेलं ओझंही तिने झोपेत उचललं आहे.

तो नेमका उलट्या दिशेने गेलेला असतो. शत्रू वेशीशी आलेला असताना आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो. राणी गेली आहे, हे त्याला अजून कळायचं आहे. एके काळी असल्या आवाजाने आपल्या अंगावर काटा आला असता, एवढं त्याला आठवतं. आता तो नुसता विचारतो, कसला आवाज होता तो.