डॉक्टरच्या हातातला दगड

"मावशी, ते जुनं काळं-पांढरं बघत बसू नकोस. २००५ मध्ये मालिका परत आली, तिथून सुरू कर. आधीचं जे लागतं ते ओघात कळतंच." हा सल्ला माझ्या भाच्याचा. तो 'डॉक्टर हू'चा मनापासून चाहता आहे, मालिकेतले बारकावे त्याला तोंडपाठ आहेत, आणि म्हणूनच त्याचं हे बोलणं मला खटकलं. ज्याला या मालिकेशी काही देणंघेणं नाही तो असं बोलला असता तर मी लक्षही दिलं नसतं. पण ज्याचा एखाद्या गोष्टीवर इतका जीव आहे, त्यालाच तिची पहिली वर्षं टाळण्याजोगी कशी वाटतात?

मालिकेची ओळख करून देत बसत नाही. निळ्या पोलीस-खोक्याच्या रूपातलं काळयान, बाहेरून लहान आणि आतून प्रशस्त; चेहरे बदलत राहणारा नायक; त्याचे शत्रू डॅलेक. एकही भाग न पाहिलेल्या माणसालाही एवढं ऐकून ठाऊक असतं. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बीबीसीवर पहिला भाग दाखवला गेला आणि त्या गडबडीत तो अनेकांचा हुकला असेल म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पुन्हा दाखवला, हेही चाहत्यांना पाठ असतं. मला बोलायचं आहे ते या मालिकेच्या सुरुवातीकडे परत जाणाऱ्या प्रेक्षकांबद्दल. असे प्रेक्षक पुष्कळ आहेत. सगळं पाहून झाल्यावर ते पुन्हा १९६३ पासून क्रमानं पाहायला घेतात.

त्यांच्यात मला दोन तऱ्हा दिसतात. काही जण तपासायला जातात आणि काही जण भेटायला जातात. तपासायला जाणाऱ्याच्या हातात यादी असते. डॉक्टरला दोन हृदयं आहेत, तो टाइम लॉर्ड आहे, त्याचा ग्रह गॅलिफ्रे. मग तो पहिल्या भागांत या गोष्टी शोधतो आणि त्याला त्या सापडत नाहीत, कारण त्या तेव्हा कुणाच्या मनातही नव्हत्या. टाइम लॉर्ड हे नाव पहिल्यांदा आलं १९६९ मध्ये, दोन हृदयं १९७० मध्ये, गॅलिफ्रे तर १९७३ च्या अखेरीस. तेव्हा तपासणाऱ्याच्या वहीत विसंगतींची नोंद होत जाते. कुणी त्या विसंगती मिटवण्यासाठी रात्र-रात्र खपून सिद्धान्त मांडतो. या मेहनतीत मालिकेवरचं प्रेम आहे, हे मी नाकारत नाही. पण त्या भागात समोर जे चाललेलं असतं ते या गडबडीत दिसायचं राहून जातं.

भेटायला जायचं तर नंतरचं सगळं विसरून जावं, असं मी आजवर म्हणत आले. १९६३ च्या त्या शनिवारी संध्याकाळी चहा घेऊन टीव्हीसमोर बसलेल्या घराची नजर आपली करावी. त्या घराला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि बनवणाऱ्यांनाही फारसं माहीत नव्हतं. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांची. दिग्दर्शक वारिस हुसेन तिच्याहूनही लहान. लखनौत जन्मलेला, 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचा मुलगा. ब्रिटिश टीव्हीच्या त्या काळातल्या खोल्यांमध्ये एक तरुण बाई आणि एक तरुण भारतीय, दोघंही वेगळे उठून दिसणारे. त्यांना मिळालेला लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ जुना आणि अडचणीचा होता. पहिला भाग त्यांनी सप्टेंबरमध्ये चित्रित केला. तो वरिष्ठ सिडनी न्यूमन यांना पसंत पडला नाही, आणि ऑक्टोबरमध्ये सगळा पुन्हा करावा लागला.

शीर्षकसंगीत ऐकावं. रॉन ग्रेनर यांची रचना, पण ती कानाला ऐकू येते ती डेलिया डर्बिशायर यांच्या हातून गेल्यावर. आजच्यासारखं कळफलक दाबला की हवा तो सूर देणारं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. चुंबकीय फितीवर एकेक ध्वनी मुद्रित करायचा, त्याचा वेग बदलून हव्या त्या स्वराला आणायचा, फीत ब्लेडनं कापायची, तुकडे चिकटवायचे. यान सुटतानाचा तो घरघरता आवाज ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या तारांवर किल्ली घासून काढला. साठ वर्षं झाली, तरी तो आवाज आला की चाहता सावरून बसतो.

भाच्याची मुख्य तक्रार संथपणाची. भिंती पुठ्ठ्याच्या दिसतात, पहिल्या डॉक्टरचं काम करणारे विल्यम हार्टनेल बोलताना अडखळतात, 'रेडिएशनवरची औषधं' म्हणायचं तिथं 'हातमोजे' म्हणून जातात, आणि कथा पुढे सरकत नाही. अडखळण्याचं उत्तर सोपं आहे. तेव्हा भाग जवळजवळ सलग, नाटकासारखा मुद्रित होई. फीत थांबवून जोडणं महाग आणि कटकटीचं होतं. अडखळलेला नट तोल सांभाळत वाक्याच्या पलीकडे कसा जातो हे बघण्यासारखं असतं. संथपणाचं उत्तर मात्र मी जरा जोरात दिलं. २०२३ मध्ये बीबीसीनं डॅलेकांच्या पहिल्या कथेचे सात भाग कापून पंचाहत्तर मिनिटांचे केले आणि त्यांना रंग दिला. भाच्याला ती आवृत्ती फार आवडली. रंगाबद्दल माझं भांडण नाही. जे कापलं त्याबद्दल आहे.

त्या सात भागांत काय आहे ते पाहावं. डॉक्टरला त्या परक्या ग्रहावरचं शहर बघायचं असतं, बाकीच्यांना परत जायचं असतं. तेव्हा तो यानाचा एक भाग बिघडलाय, त्यात पारा भरायला हवा, आणि तो शहरातच मिळेल, असं सरळ खोटं सांगतो. त्याच्या कुतूहलापायी सगळे मरणाच्या दारात जातात. पुढे यानाचा तो भाग डॅलेकांच्या ताब्यात राहतो आणि प्रश्न उभा राहतो: युद्ध सोडून दिलेल्या थाल लोकांना आपल्या सुटकेसाठी पुन्हा लढायला लावायचं का? इयन आणि बार्बरा हे लंडनच्या शाळेतले दोन शिक्षक, डॉक्टरनं त्यांच्या मनाविरुद्ध पळवून आणलेले. ते यावर भांडतात. एका यंत्राच्या तुकड्यासाठी दुसऱ्यांना मरायला सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं इयन म्हणतो. नंतर तोच थालांच्या प्रमुखाला डिवचतो, त्याच्या आवडत्या मुलीला डॅलेकांकडे नेण्याची धमकी देतो आणि एक ठोसा खातो. मग गुहेतली दरी ओलांडण्यात जवळजवळ अख्खा भाग जातो. एकेक माणूस उडी मारतो, आणि शेवटच्याला भीती वाटते. ती भीती पाच सेकंदांत दाखवता येत नाही. वाट बघायला लावणं हाच तिथला मजकूर आहे, आणि कात्रीनं नेमका तोच जातो.

आता थोडं आडवळण, कारण जे उरलंच नाही त्याबद्दल बोलल्याशिवाय या काळाबद्दल बोलता येत नाही. साठच्या दशकातल्या या मालिकेचे अडीचशेहून जास्त भाग झाले, आणि त्यांतले नव्वदहून अधिक दीर्घकाळ बेपत्ता राहिले. चोरी नाही, आग नाही. बीबीसीनं स्वतःच ते पुसले. फीत महाग होती, तीच पुन्हा वापरायची असे. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुनं पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या, आणि रंगीत टीव्ही आल्यावर काळं-पांढरं कोण मागणार, असा हिशेब होता. वारिस हुसेन यांनी बहुतांश दिग्दर्शित केलेली 'मार्को पोलो' ही सात भागांची कथा अशीच गेली. तरीही ती आज ऐकता येते, कारण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. तो राखला घरच्या प्रेक्षकांनी. काहींनी टीव्हीच्या स्पीकरपुढे मायक्रोफोन धरून टेपरेकॉर्डरवर तो उतरवला होता. ज्यांच्या हाती तिजोरी होती त्यांनी पुसलं, आणि ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं त्यांनी जपलं. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्मच्या प्रतींतून काही भाग परत मिळाले: हाँगकाँगहून १९९२ मध्ये एक पूर्ण कथा, नायजेरियातल्या जोसहून २०१३ मध्ये नऊ भाग.

बीबीसीची ही सवय याच मालिकेपुरती नव्हती. १९६१ ची 'ए फॉर अँड्रोमेडा' ही विज्ञानमालिका फ्रेड हॉयल यांनी जॉन एलियट यांच्याबरोबर लिहिली होती. तिचेही बहुतेक भाग नष्ट झाले. हॉयल म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, आणि नारळीकर त्या वर्षी तिथेच त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. एक मोठा खगोलशास्त्रज्ञ टीव्हीसाठी विज्ञानकथा लिहितो आणि त्यात कमीपणा मानत नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं. पुढे मराठी विज्ञानकथेला नारळीकरांनी जे दिलं ते आपण जाणतोच. त्या मालिकेचे सगळे भाग आज बघता आले असते तर मराठी वाचकालाही तिथं जायला एक कारण होतं.

आता मुळाकडे येते. सगळं विसरून पाहावं, हे माझं म्हणणं एका प्रसंगापाशी टिकत नाही.

तो प्रसंग अगदी पहिल्या कथेतला, तिसऱ्या भागातला. ७ डिसेंबर १९६३. यान अश्मयुगात येऊन पडलंय. टोळीच्या तावडीतून सुटून डॉक्टर आणि त्याचे सोबती जंगलातून यानाकडे पळतायत. पाठलाग करणारा झा हा टोळीचा म्होरक्या जनावराच्या हल्ल्यात जबर जखमी होतो. बार्बरा थांबते. ज्यानं आपल्याला मारलं असतं त्याला मरायला सोडून जायला ती तयार होत नाही. इयनही तिच्या मदतीला येतो आणि त्याला उचलून न्यायची तयारी करू लागतो. डॉक्टर चिडतो, त्याला फक्त यान गाठायचंय. आणि मग, कुणाचं लक्ष नाही असं बघून, म्हातारा खाली वाकतो आणि एक टोकदार दगड उचलतो. जखमी माणूस पुढ्यात पडलेला आहे. इयन त्याचं मनगट धरतो आणि विचारतो, काय चाललंय? डॉक्टर सांगतो की झाला यानाच्या वाटेचा नकाशा काढायला सांगणार होतो. इयनला ते पटत नाही आणि आपल्यालाही पटत नाही. हार्टनेल यांचे डोळे खाली जातात, हात सैल पडतो, आणि प्रसंग पुढे सरकतो.

१९६३ च्या त्या घरानं काय पाहिलं असेल? एक लबाड, स्वार्थी म्हातारा, याच्यावर भरवसा ठेवू नये असा. त्यापलीकडे त्यांना काही दिसायचं कारण नव्हतं. त्यांना तो माणूस माहीत होता दोन आठवड्यांपासून. मला मात्र ठाऊक आहे की हाच माणूस पुढे कित्येक चेहऱ्यांतून, साठ वर्षं, बहुतेक वेळा हातात शस्त्र न घेता संकटांसमोर उभा राहणार आहे; इतरांना मारण्यापासून अडवणारा तोच असणार आहे. म्हणून त्या दगडानं मला जो धक्का बसतो तो त्यांना बसणं शक्यच नव्हतं. मी विसरून बघायला बसले, तर हा धक्का मला मिळणार नाही. भेटायला जाणारा माणूस आठवणी दाराबाहेर ठेवून जात नाही. त्या घेऊनच तो जातो. तपासणाऱ्याशी त्याचा फरक माहिती असण्या-नसण्याचा नाही, त्या माहितीचं तो काय करतो याचा आहे. तपासणारा विचारतो, हे नंतरच्याशी जुळतं का? भेटणारा विचारतो, हे वेगळंही झालं असतं का? आणि पहिल्या भागांत पदोपदी दिसतं की झालं असतं. बनवणाऱ्यांच्या आराखड्यात या मालिकेनं मुलांना विज्ञान आणि इतिहास शिकवायचा होता. न्यूमन यांना बटबटीत डोळ्यांचे राक्षस अजिबात नको होते. लॅम्बर्ट यांनी टेरी नेशन यांचे डॅलेक तरीही आणले, आणि त्यांच्यामुळेच मालिका तगली. डॉक्टरचंही तसंच. तो चांगला माणूस म्हणून लिहिलाच गेला नव्हता. पळवून आणलेल्या दोन शाळाशिक्षकांनी त्याचं मनगट धरलं, त्याला खडसावलं, आणि तिसऱ्या कथेच्या शेवटी बार्बराची समजूत घालताना तो पहिल्यांदा माणसासारखा बोलतो.

यावरून भाच्याच्या बोलण्याकडे पाहिलं तर मला त्यातलं अर्धं मान्य करावं लागतं, आणि ते मी आनंदानं करते. २००५ पासून सुरू करावं. नंतरचं आधी पाहिलेलंच बरं, कारण सुरुवातीचं वजन शेवटाकडून येताना कळतं. पण म्हणूनच परत जाणं हा ऐच्छिक विषय राहत नाही. नंतरचं सगळं पाहिलेल्या माणसासाठीच ते पहिले भाग आज सर्वांत जास्त बोलके आहेत, आणि नेमका तोच त्यांना टाळतो.

२०२० मध्ये मालिकेनं हार्टनेल यांच्या डॉक्टरच्याही आधी त्याची कित्येक विसरलेली आयुष्यं होती असं जाहीर केलं, तेव्हा चाहत्यांत मोठं वादळ झालं. पहिला पहिला राहिला नाही, असं अनेकांचं म्हणणं. मला ते पटत नाही. कथेतल्या कथेत कुणी काहीही आधी घालावं. हार्टनेल तो दगड उचलायला वाकले तेव्हा त्यांच्यामागे दोन भागांचीच मालिका होती आणि पुढे काय आहे हे त्या स्टुडिओत कुणालाही माहीत नव्हतं. ते कुठलाही नवा लेखक बदलू शकत नाही.

बऱ्याच चाहत्यांचा रिवाज असा की पहिला भाग पाहायचा, वाखाणायचा, आणि गुहेतल्या माणसांचे पुढचे तीन कंटाळवाणे म्हणून सोडून द्यायचे. तसं करू नका. पहिल्या कथेचे चारही भाग सुदैवानं शाबूत आहेत आणि सगळे मिळून दोन तासही लागत नाहीत. पळवत न नेता तिसऱ्यापर्यंत चला, आणि बार्बरा जखमी माणसापाशी थांबली की डॉक्टरच्या हाताकडे लक्ष ठेवा.