कोशनोंदीची सुधारणा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

कलाकृतीवरील कोशनोंद सुधारणे हे सामान्यतः तांत्रिक काम समजले जाते. तपशील तपासावेत, कथासार आटोपशीर करावे, विधानांना आधार द्यावेत, एवढ्यात ते संपते अशी समजूत असते. प्रत्यक्षात नोंद सुधारणारा एक नैतिक निवाडाही करीत असतो, आणि तटस्थतेचे बंधन त्याला या जबाबदारीतून मुक्त करीत नाही, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथामालिकेतील 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा भाग त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

हा भाग ६ एप्रिल १९६७ रोजी एनबीसी वाहिनीवरून प्रसारित झाला. किर्क आणि स्पॉक काळाच्या द्वारातून १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये येतात. किर्क जिच्या प्रेमात पडतो ती ईडिथ कीलर अपघातातून वाचली, तर तिच्या शांततावादी चळवळीमुळे अमेरिकेचा युद्धप्रवेश लांबेल आणि नाझी जर्मनी विजयी होईल, असे त्यांना कळते. अखेरीस तिला वाचवू पाहणाऱ्या मॅकॉयला किर्कच अडवतो.

श्रेयनामावलीत लेखक म्हणून हार्लन एलिसन यांचे एकट्याचे नाव आहे. परंतु त्यांच्या संहितेचे पुनर्लेखन जीन कून, डी. सी. फोंटाना आणि मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्यासह अनेकांनी केले. एलिसन यांनी आपल्या नावाऐवजी 'कॉर्डवेनर बर्ड' हे टोपणनाव घालण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. त्यांच्या संहितेतील किर्क ऐन क्षणी प्रेमापुढे हतबल होतो आणि इतिहास राखण्याचे काम स्पॉकवर येते. म्हणजे फरक केवळ संवादांचा नाही, नैतिक आशयाचा आहे. पुढे मूळ संहितेला अमेरिकी लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला, तर प्रसारित भागाला १९६८ चा ह्यूगो पुरस्कार. एका शीर्षकाखाली आणि एका नावाखाली दोन कलाकृती गौरविल्या गेल्या.

अशा स्थितीत 'लेखक : हार्लन एलिसन' ही ओळ नोंदीत तशीच ठेवावी काय? दस्तऐवज म्हणून ती अचूक आहे. कर्तृत्वाचे वर्णन म्हणून अपुरी आहे. योगायोग असा की, रोलाँ बार्थ यांचा 'लेखकाचा मृत्यू' हा निबंध १९६७ सालीच इंग्रजीतून प्रथम प्रकाशित झाला. मात्र तो सिद्धान्त येथे सोयीस्करपणे वापरता येत नाही. बार्थ यांनी अर्थावरील लेखकाची सत्ता नाकारली. लेखकाच्या श्रमाची किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध वापरलेल्या नावाची जबाबदारी त्यामुळे रद्द होत नाही.

प्रश्न अधिक बिकट होतो तो साधनांपाशी. एलिसन यांनी मालिकेतील स्कॉटी या पात्राला अमली पदार्थ विकताना दाखवले होते, असे रॉडनबेरी सांगत असत. १९९० च्या दशकात मूळ संहिता पुस्तकरूपाने निघाल्यावर ते काम करणारे पात्र बेकविथ आहे, स्कॉटी नव्हे, हे कोणालाही पडताळता आले. संपादकाने स्वतःचे संशोधन नोंदीत घालू नये, असा विकिपीडियासारख्या खुल्या कोशाचा नियम आहे. तो योग्यच आहे. त्याविना कोश मतांचा अड्डा होईल. पण या नियमाच्या आडोशाने 'रॉडनबेरींच्या मते असे, एलिसन यांच्या मते तसे' एवढेच लिहून थांबणे म्हणजे निष्पक्षता नव्हे. जेथे मतभेद अभिरुचीचा आहे तेथे दोन्ही बाजू मांडणे न्याय्य ठरते. किर्कने कसे वागायला हवे होते, हा तसा मतभेद आहे. संहितेत अमुक पात्र काय करते, हा नाही. येथे छापील संहितेचा साधा निर्देश हे संशोधन नसून वाचन आहे, आणि ते टाळणे म्हणजे असत्याला मताचा दर्जा देणे होय.

म्हणून चांगल्या सुधारणेची कसोटी नोंद किती लांबली ही नसून कोणते विधान कोणाचे आहे हे किती स्पष्ट झाले, ही असावी. श्रेयनामावलीतील नाव जसेच्या तसे नोंदवावे; त्यालगत पुनर्लेखन करणाऱ्यांची नावे आणि नाकारलेल्या टोपणनावाची हकीकत द्यावी; दोन पुरस्कार कोणत्या दोन रूपांना मिळाले ते सांगावे. असे केल्याने एलिसन यांची तक्रार खरी ठरवावी लागत नाही आणि ती दडपलीही जात नाही.

खुल्या कोशातील नोंद स्वतःही अनेक हातांनी लिहिलेली आणि पुन्हापुन्हा बदललेली संहिता असते. फरक एवढाच की, तिच्यातील प्रत्येक बदल इतिहासात नोंदला जातो. १९६७ च्या प्रेक्षकाला ही सोय नव्हती. पडद्यावर एक नाव उमटले आणि बाकीचे हात दिसेनासे झाले. ते हात पुन्हा दिसू लागावेत, एवढे तरी आज नोंद सुधारणाऱ्याला करता येते. तेवढे त्याचे कर्तव्यही आहे.