बीळ पाहणारे मूल

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चालू असताना प्रेक्षकांत बसलेल्या मुलांकडे ज्याने एकदा लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याला अनास्था हा मनुष्याचा उपजत दोष आहे असे म्हणण्याचे धैर्य होणार नाही. कारण गोसाव्याच्या वेषातील रावण पर्णकुटीच्या दारी येऊन उभा राहिला, की एरवी आईच्या चार हाकांनीही जागचे न हलणारे मूल गुडघ्यांवर उठून ‘रेषा ओलांडू नकोस!’ असे ओरडल्यावाचून राहत नाही. सीता लाकडाची आहे हे त्याला पुरते ठाऊक असते, आणि तरीही तिच्यावरचे संकट त्याला आपले वाटते.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने ही कला, चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांसह, सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने वाढविली आणि आश्रय सरल्यावरही जिवंत ठेवली. २०२१ साली तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना पद्मश्री देऊन सरकारने या निष्ठेची कदर केली. याच बाहुल्यांनी एकदा रायगडच्या किनाऱ्यावर येऊन मुलांना औदासीन्याचे आख्यान सांगावे, अशी माझी फार इच्छा आहे. त्यासाठी राक्षस शोधावयास नको. बांधातले खेकड्याचे एक बीळ पुरेल.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात खाडी आणि भातशेत यांच्यामध्ये मातीचा बांध तेवढा उभा असतो. खेकड्यांनी पोखरलेल्या जागी आधी पाणी पाझरते, मग अवसे-पुनवेच्या उधाणात तेथेच खांड पडते, आणि खारे पाणी एकदा आत शिरले म्हणजे ज्याने ते बीळ पाहून न पाहिल्यासारखे केले त्याचे शेत आणि ज्याच्या ते दृष्टीसच पडले नाही त्याचेही शेत सारखेच नापीक होते. पुढे तेथे कांदळवन वाढले, की ते तोडण्यास बंदी असल्याने ती जमीन केवळ दप्तरी शेत म्हणून उरते. हे जाणूनच पूर्वी ‘जोळ’ या सामुदायिक पद्धतीने घरोघरचा माणूस बांधाच्या कामाला जात असे. १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला आणि दुरुस्तीचा भार सरकार उचलू लागले हे न्याय्यच झाले, कारण तो सारा गरीब कुळांनीच का सोसावा? पण त्याबरोबर ‘बांध सरकारचा आहे’ हे वाक्य तोंडी बसले, आणि बिळापाशी थांबण्याची सवय सुटली.

माझ्या मनातील खेळात एक मुलगी ते बीळ पाहते. आजोबा म्हणतात, ‘गुडघे चालत नाहीत’. शेजारी म्हणतो, ‘माझे शेत पार त्या टोकाला’. सरपंच म्हणतो, ‘अर्ज केला आहे’. यातले एकही उत्तर खोटे नाही, आणि दुष्ट तर कोणीच नाही. अनास्थेचे खरे स्वरूप असेच असते. मुलगी चौथ्या दारी जाते तेव्हा तिला ‘गप्प बस, आपल्याला काय करायचंय’ असे ऐकावे लागते, आणि माझ्या मते बांधाला खांड पडण्याआधी एका कोवळ्या मनाला खांड पडते ती येथे. सूत्रधाराने या ठिकाणी उपदेश न करता बाहुल्या स्तब्ध ठेवाव्यात. समोरची मुले आपण होऊन ओरडतील.

नशिबावर हवाला ठेवून पिढ्यान्पिढ्या गप्प राहिलेली माणसे उभी राहू शकतात, याचा दाखला या मुलांना परमुलखात शोधावा लागणार नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि भोवतालच्या गावांतील कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय उपासमार सोसून पाळला, तो याच खारेपाटात.

खारेपाटातील शिक्षकांना माझी विनंती आहे, की पावसाळ्यापूर्वी एखाद्या ओहोटीच्या वेळी त्यांनी मुलांना मोठ्या माणसांसह बांधावर न्यावे, आणि मूल जेथे बोट दाखवील तेथे गावाने त्याच आठवड्यात माती घालावी.