सेवा करणाऱ्याची सेवा



आई-वडिलांची सेवा म्हटली की भक्त पुंडलिकाची आठवण होते. तो सेवेत मग्न होता म्हणून साक्षात पांडुरंग विटेवर थांबला. परंतु ज्या वडिलांना आपले नावही आठवत नाही, जे जेवून उठताच “मला कोणी जेवायला दिले नाही” म्हणतात, मध्यरात्री “घरी जायचंय” म्हणून कडी काढतात, त्यांची सेवा कशी करावी?

हा हट्ट नव्हे. स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा मेंदूचा आजार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना तो आहे. बहुतेकांना घरातलेच कोणीतरी सांभाळते: पत्नी, मुलगी, सून. एखाद्या दिवशी तिचा आवाज चढतो आणि मग ती देवासमोर रडते, “माझीच भक्ती कमी पडली.” ताई, भक्ती कमी पडलेली नाही. शरीर आणि मन थकले आहे.

अशांसाठी आधारगट असतात. १९९२ मध्ये केरळमध्ये सुरू झालेल्या ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या शाखा आज अनेक शहरांत आहेत आणि काळजी घेणाऱ्यांसाठी असे गटही चालवतात. तिथे माणसे बसतात, बोलतात, ऐकतात. एकजण सांगतो, “वाद घालू नका. ‘स्वयंपाक होतोय, तोवर हे खा’ म्हणा.” दुसरी सांगते, “बाबांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवा.” तिसरी काहीच बोलत नाही, फक्त रडते, आणि तिला कोणी थांबवत नाही. हाही सत्संगच नव्हे का? आपले दुःख जिथे न लाजता ठेवता येते, तिथे अहंकार आपोआप गळतो. मदत मागणे म्हणजे सेवेत कमी पडणे नव्हे.

मात्र गटाला जायचे तर घरी रुग्णाजवळ कोण बसणार? इथे आपली साधना सुरू होते. आपल्या सत्संगात हल्ली न दिसणाऱ्या एखाद्या भगिनीची चौकशी करा. उपदेश करू नका. “मंगळवारी दोन तास मी बाबांजवळ बसतो, तुम्ही जाऊन या,” एवढेच म्हणा आणि ते पाळा.

पुंडलिकाच्या दारी देव थांबला होता. सेवा करणाऱ्याच्या दारी आपण दोन तास थांबू शकणार नाही का?